एकतिसांतला एक

केतकीला सगळ्यात आधी आठवला तो गतिरोधक. शुद्धीवर आलेल्या माणसाला आई आठवते, देव आठवतो, असं मी ऐकून होतो. निदान नवरा तरी आठवावा, एवढी माझी माफक अपेक्षा होती. पण माझ्या बायकोनं डोळे मिटलेले ठेवूनच उजव्या हाताची मूठ जराशी सैल केली आणि म्हणाली, "हळू. पुढे गतिरोधक आहे." अपघाताला सव्वीस दिवस झाले होते आणि तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं धड वाक्य होतं.

मी खुर्चीतच रडलो. नर्सबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कापसाचा डबा माझ्यापुढे केला. दुपारचे तीन वाजले होते. खिडकीला निळे पडदे होते आणि त्यांतून येणाऱ्या उजेडात ती खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटायची. केतकीच्या डोक्यावर केसाहून बारीक तारांची जाळी होती आणि तिच्यातून तिचेच जुने रस्ते तिच्या डोक्यात परत सोडले जात होते. तिचेच म्हणजे, सगळे काही तिचे नव्हते.

मी नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. चार वर्षांपूर्वी वाहनांचा नवा कायदा आला, तेव्हा स्टाफरूममध्ये त्याच्याविरुद्ध सगळ्यात जास्त तोंड वाजवणारा मीच होतो. शहराशहरांतली इस्पितळं दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेल्यांनी भरली होती, म्हणून सरकारनं हेल्मेटच्या अस्तरात ही जाळी सक्तीची केली. हेल्मेट डोक्यावर नसेल, पट्टा लावलेला नसेल, तर नवी गाडी सुरूच व्हायची नाही. शिवाय एका डोक्याला एक हेल्मेट. दुकानात जाऊन डोकं मोजून घ्यायचं आणि नाव नोंदवायचं. आमच्या मुख्याध्यापकांना मी म्हटलं होतं, की आता फक्त डोक्यावर टोल बसवायचा राहिला आहे.

जाळीचं काम मात्र मला भूगोलाच्या माणसाला पटकन समजलं. आपण रोजच्या रस्त्यानं जातो तेव्हा मेंदूतल्या काही पेशी ठरावीक क्रमानं जाग्या होतात. बेकरीपाशी एक, पिंपळापाशी दुसरी, पुलावर तिसरी. हा डोक्यातला नकाशाच. झोपेत मेंदू तोच क्रम पुन्हा पुन्हा गिरवतो आणि दिवस पक्का करून ठेवतो. अपघातात कवटी शाबूत राहिली तरी आतला मेंदू हिसका बसून हेलकावतो. पेशी जिवंत राहतात, पण त्यांना जोडणारे धागे तुटतात. माणूस डोळे उघडतो आणि त्याला काहीच ओळखीचं वाटत नाही. जाळी रोजचा तो क्रम टिपून ठेवते आणि अशा वेळी झोपेत तोच क्रम मेंदूला हलकेच परत ऐकवता येतो. बुजलेल्या पायवाटेवरून पुन्हा माणसं चालू लागली की गवत दबतं, तसं काहीसं. आधी रस्ता सापडतो. रस्त्यावरून घर सापडतं, घरात माणसं सापडतात आणि मग त्यांची नावं.

आमच्या घरात स्कूटर एक, म्हणून हेल्मेटही एकच. दाराजवळच्या खुंटीला, छत्री आणि बाजाराच्या पिशवीशेजारी ते टांगलेलं असायचं. स्कूटर केतकीच्या नावावर, त्यामुळे हेल्मेटही तिच्याच डोक्याचं. सकाळी मी ते घालून शाळेत जायचो, दुपारी ती घालून तिच्या वाचनालयात जायची. त्यावर 'पाहुणा' नावाचं एक बटण होतं. अडीनडीला दुसऱ्या कुणी घातलं तर ते दाबायचं, म्हणजे हेल्मेट नाव विचारत नाही. कायद्यानं दिलेला हा पाहुणा अख्ख्या नाशिकनं घरजावई करून ठेवला होता. पाहुण्याची नोंद होत नाही, असं दुकानदारानं मला सांगितलं होतं आणि फुकटचं ज्ञान आपण कधी तपासून घेत नाही.

फेब्रुवारीत कॉलेजच्या चौकात कडेला उभ्या असलेल्या एका मोटारीचं दार अचानक उघडलं आणि केतकी त्याच्यावर आदळून फेकली गेली. हेल्मेटनं कवटी वाचवली. कोपऱ्यावरची एक गजरेवाली आपली पाटी तशीच टाकून धावली, तिनं रिक्षा अडवली आणि बाराव्या मिनिटाला केतकी इस्पितळात होती. त्या बाईंचं नाव मला अजून माहीत नाही. त्यांच्या हाताच्या मोगऱ्याचा वास मात्र केतकीच्या दुपट्ट्याला दोन दिवस येत होता.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर नाझनीन तांबोळींनी मला केबिनमध्ये बोलावलं. केतकी तोवर डोळे उघडत होती, पण माझ्याकडे बघताना बसस्टॉपवरच्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघायची. डॉक्टरांनी विचारलं, हे हेल्मेट यांनी एकट्यांनीच वापरलंय ना. मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, की आत्तापर्यंत आलेल्या प्रत्येक घरानं त्यांना हेच उत्तर दिलंय. पाहुण्याचीही नोंद होते, आणि मालकाच्या नोंदीत ती मिसळून जाते. त्यातून माझे रस्ते वेगळे काढता येणार नाहीत का, असं मी विचारलं. एखादा दिवससुद्धा?

"भरीत झाल्यावर त्यातून लसूण काढता येतो का, सर?" त्या म्हणाल्या. "तुमचा काही भाग त्यांच्यात जाईल. आणि तो तुमचा आहे हे त्यांना कळणार नाही. स्वप्नातला 'मी' नक्की कोण, हे मेंदू विचारत नाही."

अशा मिसळलेल्या नोंदीला दोघांची संमती लागते. केतकीच्या वतीनं मी सही केली. खाली दुसरी ओळ होती, पाहुण्याची. तिथे माझा हात थांबला. सहा आठवड्यांच्या आत हे झालं नाही तर वाटा कायमच्या बुजतात, हेही डॉक्टरांनी सांगून झालं होतं.

हात का थांबला ते सांगायचं तर दोन वर्षं मागे जावं लागेल. केतकीचा धाकटा भाऊ हर्षल दिंडोरीला शेती करायचा. मला दाजी म्हणायचा आणि दाजीबरोबर करायच्या असतात तेवढ्या सगळ्या थट्टा करायचा. जानेवारीतल्या एका पहाटे तो मित्राची जुनी, कायद्याच्या आधीची मोटारसायकल घेऊन आमच्याकडे निघाला. बहिणीला आवडतात म्हणून हरभऱ्याचे डहाळे मागे बांधलेले. हेल्मेट होतं, पण कोपराला अडकवलेलं. कॅनॉल रोडवर धुक्यात तो घसरला आणि चाळीस मिनिटं तिथे पडून राहिला. अर्धा तास आधी आणला असता तर, असं तिथल्या डॉक्टरांनी म्हटलं आणि वाक्य तिथेच सोडलं. पुढे पोलिसांनी रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातून मोजलं. त्या चाळीस मिनिटांत एकतीस गाड्या त्याच्या बाजूनं गेल्या. बत्तिसावा एक दूधवाला होता, तो थांबला. धुक्यामुळे कुठल्याच गाडीचा नंबर वाचता आला नाही.

त्या एकतिसांतला एक मी होतो.

रस्ता सुरक्षा सप्ताह चालू होता. सातला मुलांची प्रभातफेरी निघायची होती आणि फलक माझ्याकडे होते, स्कूटरवर माझ्या पायांपाशी उभे केलेले. कॅनॉल रोडवर मला आधी जमिनीवर आडव्या पडलेल्या गाडीचा पेटलेला दिवा दिसला. मग रस्त्याच्या मधोमध एक बूट. हिरवे डहाळे विखुरलेले, आणि कानटोपी घातलेला एक माणूस कडेच्या पाण्याच्या चारीकडे तोंड करून कुशीवर पडलेला. माझी बोटं ब्रेकवर आली. गाडी हळू झाली. मी आरशात मागे पाहिलं, आरशात धुकं होतं, आणि मी गेलो. साडेदहाला शाळेत फोन आला. डहाळे कुणासाठी होते ते मला इस्पितळात कळलं.

तिला मी हे कधी सांगितलं नाही. भाऊ गेल्यावर केतकी रस्त्यात कुणी नुसतं ठेचकाळलं तरी गाडी थांबवायची. जेवताना मध्येच हात थांबवून म्हणायची, त्या एकतीस जणांना अन्न कसं गोड लागतं रे. मी वरण वाढून घ्यायचो. रस्त्यात पडलेल्यासाठी थांबणं कायद्यानं सक्तीचं करावं, असा अर्ज तिनं सरकारकडे पाठवला. त्यावर चार हजार सह्या गोळा केल्या. त्या अर्जाचं शुद्धलेखन मी तपासलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

तर डॉक्टरांच्या टेबलावर तो कागद होता. सही केली नाही, तर केतकी मला कधीच ओळखणार नव्हती. केली, तर पुरतं ओळखणार होती. मी सही केली. फार मोठं काही केलं असं नाही, दुसरं काही करणं मला जमलंच नसतं.

गतिरोधकानंतर रस्ते भराभर येऊ लागले. दुपारी दोनला जाळी चढवायची आणि केतकी झोपली की तिचा चेहरा प्रवासाला निघाल्यासारखा व्हायचा. झोपेतच ती वळणावर किंचित कलायची. "बेकरीचा वास आला," असं पुटपुटायची. जागी झाली की स्वप्न सांगायची. एकदा गंगापूर रोडवरची सगळी झाडं रस्त्याच्या मधोमध येऊन उभी होती आणि ती त्यांच्यातून नागमोडी जात होती. एकदा गोदावरीच्या पुलावर आवाजच नव्हता, स्कूटरलाही नाही. बत्तिसाव्या दिवशी तिला आमचं फाटक सापडलं, त्याच्या आतली तुळस सापडली, आणि माझ्याकडे बघून ती म्हणाली, "मंदार, तू दाढी का नाही केलीस?"

माझे रस्तेही त्यात मिसळलेले होतेच. काही वेळा हसू यायचं. एका दुपारी तिनं सांगितलं, की ती एका शाळेच्या फाटकातून आत शिरली आणि शंभर मुलं तिला 'सर, सर' म्हणत होती. दुसऱ्या दिवशी विचारलं, "सराफ बाजारातल्या त्या दुकानापाशी मी रोज जिलबी खायला का थांबते? मला तर गोड आवडत नाही." मला साखरेचा आजार आहे आणि जिलबी बंद होऊन सहा वर्षं झाली होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग खळखळून हसली. अपघातानंतर पहिल्यांदा. डॉक्टरांनी तिला समजावलं होतं की काही वाटा माझ्या असतील, आणि आम्ही दोघं त्या ओळखायचा खेळच खेळू लागलो होतो. खडूचा वास माझा. वाचनालयाचा जिना तिचा. मला वाटू लागलं, की सुटलो. इतक्या हजार सकाळींतली ती एक सकाळ, ती कशाला येतेय.

सदतिसाव्या दुपारी ती जागी झाली. छताकडे बघत सांगू लागली. धुकं होतं. जमिनीवर दिवा लागलेला होता. रस्त्यात एक बूट होता आणि सगळीकडे डहाळे. तिची बोटं ब्रेकवर आली, आरशात तिनं मागे पाहिलं, आणि ती पुढे गेली. हात कुणाचे होते ते दिसलं नाही, हातांत ते मरून रंगाचे लोकरी हातमोजे होते. ते मोजेही आमच्या घरात एकच जोडी, हेल्मेटच्याच खुंटीला लटकणारे.

"त्या सकाळी गाडी कुणाकडे होती रे?" तिनं विचारलं. हर्षल गेल्याचं तिला आठवत होतं, पण तो सगळा जानेवारी तिच्या डोक्यातून पुसला गेला होता.

मी म्हणालो, "आठवत नाही."

जिचं सगळं पुसलं गेलं होतं तिला मी, धडधाकट डोक्याचा माणूस, हे म्हणालो.

तिनं मान हलवली. मोजे हातात होते, रस्ता तिच्या माहेरचा होता. हिशेब तिच्या मते लागला होता. त्या दिवसापासून तिनं जाळी घालायचं बंद केलं. झोपायला नको म्हणून दुपारभर खोलीत येरझारा घालायची, रात्री उशी मांडीवर घेऊन बसून राहायची. जेवणाच्या ताटापुढे बसली की हात लावायची नाही. मी काही बोललो तर म्हणायची, "माझ्याच भावापाशी मी थांबले नाही आणि दोन वर्षं लोकांना विचारत फिरले, की तुम्हाला अन्न कसं जातं." डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की अजून डावा हात नीट यायचाय, आकडे यायचेत, आणि तीन-चार दिवसांत या झोपल्या नाहीत तर उरलेलं राहून जाईल. त्यांना कशाची भीती वाटतेय, तुम्हाला माहीत आहे का?

मी चार दिवस स्वतःची समजूत घालत होतो. ती स्वतःला हळूहळू माफ करील, मला करणार नाही. मग तिच्यासाठी हेच बरं, असं मी मनाशी मांडत होतो. भित्र्या माणसाला युक्तिवाद फार चांगला सुचतो. पाचव्या दुपारी मी तिचं ताट तसंच परत जाताना पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"केतकी, ती तू नव्हतीस. त्या सकाळी हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं."

ती खिडकीपाशी उभी होती. निळा उजेड तिच्या एका बाजूवर पडला होता. मी सगळं सांगितलं, प्रभातफेरीपासून शुद्धलेखनापर्यंत. तो हर्षल आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तो हर्षल नसता तरी तो कुणीतरी होताच.

ती म्हणाली, "पायाशी अक्षरं होती. 'थांबा, पाहा, जा.' मला वाटलं, स्वप्नात काहीही दिसतं."

"फलक होते ते," मी म्हणालो.

ती पलंगावर येऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तू काय पाहिलंस ते सगळं मी पाहिलंय. पण तुझ्या मनात काय होतं ते त्यात नाही. ते सांग."

दोन वर्षं मी स्वतःलासुद्धा हे विचारलं नव्हतं. उशीर झाला होता, मुलं वाट बघत होती, पोलिसांची झंझट नको होती, ही सगळी कारणं मी नंतर जमवलेली. त्या क्षणी यातलं काहीच मनात नव्हतं.

"वाटलं, मागून कुणीतरी येतंय," मी म्हणालो. "तो थांबेल."

तिनं मान खाली घातली. नंतर तिनं घंटी वाजवून नर्सबाईंना बोलावलं, जाळी चढवायला सांगितली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. पाच दिवसांत पहिल्यांदा. मी तिच्या पाठीकडे बघत बसलो. झोपेत तिची मूठ सैल होत होती, पुन्हा आवळत होती, आणि ती आत्ता कुठल्या रस्त्यावर असेल हे मला कळत नव्हतं.

एप्रिलमध्ये ती घरी आली. डावा हात आला, आकडेही आले. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी तिनं माझ्या हातात हातोडी दिली आणि दाराजवळ दुसरी खुंटी ठोकायला सांगितली. मग आम्ही दुकानात जाऊन माझं डोकं मोजून घेतलं, नाव नोंदवलं, आणि दोन हेल्मेटं शेजारी शेजारी टांगली. तिनं पाहुण्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. मी आता रस्त्यात थांबतो. गाडीची साखळी पडलेल्यासाठीही थांबतो, लोक हसतात. यानं काही फिटत नाही, हे मला ठाऊक आहे.

दुपारची झोप मात्र तिला अजून लागते आणि स्वप्नं अजून पडतात. डॉक्टर म्हणाल्या होत्या, की जाळी काढली तरी मेंदू आपलं गिरवणं सोडत नाही; गिरवता गिरवता रेघ थोडी थोडी बदलत जाते. कॅनॉल रोड तिला आठवड्यातून एकदोनदा दिसतो. सांगत नाही, पण उठल्यावर तिच्या चेहऱ्यावरून मला समजतं. मी चहा ठेवतो.

परवा ती उठून स्वयंपाकघराच्या दारात आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली.

"आज गाडी थांबली," ती म्हणाली.

मी गॅस बारीक केला. कुणी थांबवली, असं विचारायचा धीर मला होत नव्हता. तिनंच कट्ट्यावरचा कप उचलला, रिकामाच हातात धरला, आणि बाहेरच्या उन्हाकडे बघत राहिली.

"मोजे नव्हते आज," ती म्हणाली. "हात तुझे होते."